तांदीचा आवाज मी घडवला

मी अंडाशय बोलतेय. दामारिसच्या पोटातलं डावं. दचकू नका. लांब पूर्वेकडच्या बेटावरच्या आमच्या तोराजाच्या डोंगरात याहून नवलाची मंडळी बोलतात आणि लोक त्यांच्यापुढे कॉफीचा पेला ठेवतात. माझ्यामुळे एक घर दीड वर्ष झपाटलं होतं. ते कसं, तेवढं सांगते. माझी चूक किती आणि इतरांची किती, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आकारानं मी बदामाएवढी. पलीकडच्या कुशीत माझी जुळी, तिला मी उजवीच म्हणते. आम्ही घडलो तेव्हा दामारिस जन्मलीही नव्हती. आईच्या पोटात पाच महिन्यांची असताना आम्हा दोघींत मिळून साठ-सत्तर लाख कच्ची बीजं भरून झाली होती. त्यातली बहुतेक जन्माआधीच विरली. ती वयात आली तेव्हा तीन-चार लाख उरली. जन्मभरात कामाला येणार ती फार तर चारशे. बाकीची कुणाला न सांगता जातात, त्यांच्यासाठी कुणी रडत नाही. मरण माझ्या अंगात पहिल्यापासून आहे, म्हणून मेलेल्यांची मला कधी भीती वाटली नाही. जिवंत माणसांच्या आशेची मात्र फार वाटली.

बारा-तेरा वर्षं मी नुसती पडून होते. मग एक दिवस वरून हुकूम आला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती रक्तातून दोन निरोप धाडते. माझ्यातल्या प्रत्येक वाढत्या बीजाभोवती पेशींचे दोन घेर असतात, एक बाहेरचा आणि एक आतला. पहिला निरोप बाहेरच्यांना. त्या रक्तातून कोलेस्टेरॉल घेतात. हो, तेच, ज्याच्या नावानं शहरातले डॉक्टर बोटं मोडतात. ते कापायचं, वळवायचं, आणि त्यातून काय करायचं? पुरुषी संप्रेरक! हसू नका. बाईच्या पोटात आधी तेच बनतं.

मग दुसरा निरोप आतल्यांना. त्या बाहेरच्यांकडून तो अर्धाकच्चा माल घेतात आणि शेवटचा हात फिरवून त्याचं इस्ट्रोजेन करतात, म्हणजे बाईचं संप्रेरक. बाहेरच्यांना हा शेवटचा हात येत नाही आणि आतल्यांना पहिला येत नाही. एकीनं भात सडायचा, दुसरीनं पाखडायचा, तेव्हा कुठे तांदूळ चुलीवर चढतो. बाईचं सगळं बाईपण असं पुरुषपणाच्या दारातून येतं, हे गावात कुणाला सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं.

बीज बाहेर पडलं की मागे उरलेला रिकामा खोका रडत बसत नाही. तो पिवळा होतो आणि प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतो. गर्भाशयातलं अंथरूण त्याच्या जिवावर मऊ राहतं. चौदा दिवस पाहुण्याची वाट बघायची. पाहुणा आला नाही की पिवळा सुकतो, माझ्या अंगावर एक पांढरा वण राहतो आणि दामारिसची पाळी येते. दर महिन्याला आमच्यापैकी एकीवर हे घडे. माझ्या अंगावर असे कितीतरी वण आहेत.

दामारिस चर्चच्या गायकवर्गात पहिल्या ओळीत उभी राहायची. वरचा सूर तिचा. तिचा थोरला भाऊ तांदी मागच्या ओळीत, खालच्या सुरात. तो ट्रक चालवायचा, पालोपोच्या घाटातून खाली भाजी न्यायचा. वडील दोघं लहान असतानाच गेलेले. आईचा सगळा जीव तांदीवर. दामारिसवर माया नव्हती असं नाही, पण पहिलं कुणाच्या ताटात वाढतात ते मुलांना बरोबर कळतं.

एका पावसाळी सकाळी घाटात ट्रक उलटला. तांदी सत्ताविसाव्या वर्षी घरी आला तो चादरीत. सरकारी दवाखान्यातल्या नर्सनं, होसिआनानं, शरीर टिकावं म्हणून त्याला औषधाची इंजेक्शनं दिली. मग त्याला मागच्या खोलीत निजवलं. रेडे बळी देऊन शेवटचा विधी होईपर्यंत आमच्याकडे माणूस मेला असं कुणी म्हणत नाही. त्याला बरं नाही, तो निजून आहे, एवढंच. नातलग लांब पापुआत पांगलेले, ते जमायचे, रेडे जमायचे. वर्ष जातं, दोन जातात. तोवर त्याला सकाळ-संध्याकाळ जेवण द्यायचं, सिगारेट लावून द्यायची, घराबाहेर पडताना सांगून जायचं.

"तांदी, ऊठ बाळा, कॉफी घे. आज दाट केलीय," आई म्हणायची. "मी बाजारात जाऊन येते हं. दामारिस आहे घरात."

यात वेडेपणा काही नव्हता. घरोघरी असंच असतं. फक्त आई जेवत नव्हती, झोपत नव्हती. रात्रीतून चार वेळा उठून त्या खोलीच्या दाराशी जाऊन कान द्यायची. काय ऐकू येणार होतं?

त्याच सुमाराला माझ्यात बिघाड झाला. दुःखानं झाला असं म्हटलं तर गोष्ट सजेल, पण ते खोटं. कशानं झाला, मलाही माहीत नाही. माझ्यातली एक पेशी ऐकेनाशी झाली. वरून निरोप येवो न येवो, ती पुरुषी संप्रेरक बनवतच राहिली. एकीच्या दोन झाल्या, दोघींच्या चार. त्यांच्या मालाला शेवटचा हात लावायला कुणीच नाही. तो तसाच कच्चा रक्तात जायचा. मी ओरडून सांगायचे, पुरे! पण पालथ्या घड्यावर पाणी. वरच्या ग्रंथीला वाटलं, खाली भरपूर माल आहे, तिनं निरोप धाडणं सोडलं. उजवी गप्प झाली. मी हाक मारली तर तिकडून ओही येईना. आपल्याच अंगात कुणी परकं राहायला आल्याची ती भीती मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवली.

दामारिसची पाळी थांबली. हनुवटीवर केस आले, कपाळावरचे विरळ झाले.

"भाचीबाई," साम्पे मामा एकदा म्हणाला, "तुझ्या मिशा माझ्याहून बऱ्या आल्यात. वस्तरा देऊ का?"

"द्या की. तुम्हाला त्याचा काय उपयोग?" ती म्हणाली, आणि सगळे हसले. मग ती झऱ्यावर गेली आणि तोंड धुण्याच्या निमित्तानं खूप वेळ रडली. मला डोळे नाहीत, पण तिच्या रक्तातून मला सगळं कळायचं.

गळ्यातले पडदे जाड होत गेले. गायकवर्गाच्या प्रमुखानं आधी सर्दीचा काढा सांगितला, मग दुसऱ्या ओळीत उभं केलं, आणि शेवटी खाली बघत म्हणाला, "दामारिस, तू मागे उभी राहशील का? तांदीची जागा रिकामीच आहे."

आणि मग ती सकाळ. आई मागच्या खोलीत तांदीसमोर कॉफी ठेवत होती. दामारिस स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, डुकरांना घातलंस का गं?"

आत पेला पडल्याचा आवाज आला. आई दारात आली.

"परत बोल."

"काय झालं? भाजलं का?"

"आत्ता बोललास ते परत बोल."

हुबेहूब तांदी. एकाच आईची दोन लेकरं, एकाच घडणीचे गळे; फरक होता तो फक्त त्या एका संप्रेरकाचा, आणि तो मी पुसून टाकला होता. घरात भूत शिरलं असं उद्या कुणी म्हणालं, तर ते भूत मी होते. लिंबाएवढी गाठ झालेली मी.

त्या दिवसापासून आई तिला रोज संध्याकाळी तांदीच्या अंथरुणाशी बसवायला लागली. तांदी आजारी आहे, उठू शकत नाही, म्हणून बहिणीच्या तोंडानं बोलतो, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

"दुखतं का रे?"

"आई, मी आहे. दामारिस."

आईचा चेहरा पडला, आणि त्या रात्रीही ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आला. दामारिसनं तांदीची चादर सारखी केली. मग म्हणाली, "नाही दुखत, आई."

मायेपोटी बोललेलं खोटं ते. त्या रात्री कित्येक महिन्यांनी आई पोटभर जेवली आणि सकाळपर्यंत झोपली. त्या झोपेनंच दामारिसला बांधून टाकलं. आता माघार कशी घ्यायची? मग रोज थोडं थोडं. घाटात काय झालं ते सांग. ब्रेक लागला नाही, आई. मला हाक मारलीस का? मारली, आई. शेजारपाजारचे ऐकायला यायचे, दाराशी गुपचूप बसायचे, जाताना सिगारेटी ठेवून जायचे. आईनं पेटीतून तांदीचं जाकीट काढून तिच्या अंगावर घातलं. महिना महिना त्या घरात दामारिस हे नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. तिलाही कुणी हाक मारली तर कोणत्या नावानं ओ द्यावी ते कळेना. अंधारात ती स्वतःशी पुटपुटायची, "मी दामारिस," आणि आपलाच आवाज ऐकून घाबरायची.

साम्पे मामा विधीचा दिवस ठरवायला आला.

"अक्का, पापुआची मंडळी डिसेंबरात येतायत. आता पोराला मोकळं कर."

"बोलत्या माणसाला पुरायचं? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"बोलतेय ती पोरगी आहे."

"मग ये, तूच ऐक. आणि डोळे मिटून सांग कोण आहे."

मामानं ऐकलं. डोळे मिटले. उघडले तेव्हा ओले होते, आणि तो तसाच जिना उतरून गेला. शहाण्यासुरत्या माणसाची ही गत.

नर्स होसिआनानं मात्र डोळे मिटले नाहीत. तिनं दामारिसला गाठून विचारलं, "पाळी कधी आली होती?"

"वर्ष झालं."

"वर्ष! आणि कुणाला बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? घरात तांदीला विचारतात, मला नाही."

होसिआनानं तिला तालुक्याला नेलं, पोटाची सोनोग्राफी केली, मी पकडले गेले. डावीकडे संत्र्याएवढी गाठ. रक्त तपासलं तर पुरुषी संप्रेरक एखाद्या जवान गड्याएवढं. होसिआना तो कागद घेऊन घरी आली आणि तिनं आईला सगळं उलगडून सांगितलं. हा आवाज गाठीचा आहे. गाठ वाढतेय. मकास्सारच्या मोठ्या इस्पितळात जाऊन काढायला हवी, उशीर झाला तर पोरगी हातची जाईल.

आईनं कागद हातातही घेतला नाही.

"म्हणजे तुम्ही माझ्या पोराचं तोंड बंद करणार."

"पोराचं नाही हो, पोरीचं पोट..."

"तिला काय धाड भरलीय? दोन माणसांचं काम ओढते. या घरात आजारी एकच आहे, तो आत निजलाय."

मेलेल्याला आजारी म्हणायची सवय पिढ्यांची. जी खरी आजारी होती तिच्यासाठी मग त्या घरात शब्दच उरला नाही.

होसिआनानं दामारिसकडे पाहिलं. दामारिस म्हणाली, "राहू दे, सिस्टर. आईला आत्ता कुठे झोप यायला लागलीय." त्यावेळी मला माझी इतकी लाज वाटली! पण मला स्वतःला थांबवता येत नव्हतं.

रविवारची दुपार होती. चर्चहून येऊन दामारिस चुलीपाशी बांबूच्या नळीत डुकराचं मांस भरत होती. गाठीच्या वजनानं मी माझ्या देठावर फिरले. एकदा, दोनदा. पिळलेल्या फडक्यासारखा देठ आवळला आणि माझं रक्त थांबलं. ती वेदना सांगता येणार नाही. दामारिस जमिनीवर कोसळली आणि किंचाळली.

किंकाळी तांदीची होती.

आई अंगणातून धावत आली. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं, त्यातून दामारिस तिला दिसत होती, मी शपथेवर सांगते, दिसत होती. पण आई तिला ओलांडून मागच्या खोलीत पळाली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! तांदीची चादर बाजूला करून तिनं त्याच्या वाळलेल्या पोटावर हात ठेवला. "कुठे दुखतंय? तांदी, कुठे दुखतंय रे? आई आलीय."

तांदी शांत निजला होता. त्याला कुठेच दुखत नव्हतं.

दामारिस सरपटत त्या दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर डोकं टेकून म्हणाली, "तो नाही, आई. तो कधीच बोलला नाही. मीच बोलत होते, तुला बरं वाटावं म्हणून. मला दुखतंय. मी मरतेय, आई, इकडे बघ."

आईनं मान वळवली. तिचा एक हात तांदीच्या पोटावर होता. ती एकदा त्या ओठांकडे बघायची, एकदा या ओठांकडे. किती वेळ गेला असेल? मला माझं मरण जवळ आल्यासारखं वाटलं. मग तिनं तो हात उचलला.

पुढचं झटपट सांगते. मामाची जीप, घाटातले आठ तास, दामारिसचं डोकं आईच्या मांडीवर. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला, आईनं सही केली. आवाजाचं तिनं एका शब्दानं विचारलं नाही.

मला कापून काढलं. मी काळीनिळी पडले होते, वाचण्यासारखी राहिले नव्हते. मला औषधात बुडवून झाकणाच्या बाटलीत घातलं. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत नातलगांनीच बाटली पोचवायची अशी तिथली रीत, म्हणून ती आईच्या हातात दिली. पण तिथली खिडकी दुपारशिवाय उघडणार नव्हती. मग ती मला मांडीवर घेऊन दामारिसच्या खाटेशी बसली. अजून तशीच बसलीय.

डॉक्टरीणबाई येऊन सांगून गेल्या. गाठ अख्खी निघाली, फुटली नाही. तपासणीत काय निघतं ते बघू, पण आशा चांगली आहे. उजवी जागी होईल, पाळी येईल, हनुवटीवरचे केस विरळ होतील.

"आवाज मात्र असाच राहील," त्या म्हणाल्या. "गळ्यातले पडदे एकदा जाड झाले की मागे येत नाहीत."

बाटलीवरची आईची बोटं आवळली. मी काचेतून तिच्या हाताची नाडी ऐकली. मी गेले तरी माझं भूत त्या गळ्यात राहणार होतं. आईनं ठरवलं तर तांदी जन्मभर बोलत राहील, आणि दामारिस जन्मभर अंधारात स्वतःचं नाव पुटपुटत राहील.

आईनं मला डोळ्यांसमोर धरलं. "तू होतीस होय?" ती हळू आवाजात म्हणाली. "इतके दिवस माझ्याशी तूच बोलत होतीस?"

हो, आई. मीच. तुझ्या पोटातच घडले होते मी, तरी तुला ओळख पटली नाही. मला माफ कर.

उजवे, आता तू एकटी. निरोप आला की ऊठ. आधी घाबरशील, दीड वर्षाची झोप आहे. बाहेरच्यांना सांग, सडा. आतल्यांना सांग, पाखडा. दोघींचं काम एकीनं होतं, मी ऐकलंय. आणि वाचणाऱ्यांनो, घरातल्या पोरीचा आवाज बदलला, पाळी चुकली, चेहरा बदलला, तर त्याचा अर्थ लावत बसू नका. तिला विचारा. कोण आहेस असं नव्हे, कसं वाटतंय असं. थोड्या वेळात खिडकी उघडेल, मग माझे पातळ काप करून काचेवर ठेवतील. माझी काही तक्रार नाही. फक्त त्याआधी एक गोष्ट मला ऐकायची आहे.

खाटेवर हालचाल झाली.

"आई."

जाड, खोल, घोगरा. पालोपोच्या घाटातून परत आल्यासारखा. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं चमकून वळून पाहिलं. आईनं डोळे मिटून घेतले. माझं सगळं ऐकणं त्या एका क्षणावर येऊन थांबलं.

मग तिनं डोळे उघडले. बाटली खाली फरशीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी लेकीचा चेहरा धरला.

"बोल, दामारिस."

दामारिसच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "घरी तांदीला... कॉफी कोण देतंय?"

"कुणी नाही," आई म्हणाली. "तांदी मेला, दामारिस. दोन वर्षं झाली. तू सांग, तुला काय देऊ?"